माउंटन बाईकच्या रिमला पोचा पडल्यावर काय करायचं

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा कच्चा रस्ता पावसाळ्यानंतर सायकलवर केलेल्या कुणालाही तो आवाज समजावून सांगावा लागत नाही. उतारावर पुढचं चाक दगड चुकवून निघून जातं, मागचं त्याच दगडाच्या कोपऱ्यावर आपटतं आणि धातूचा कोरडा ठणका थेट पायांपर्यंत येतो. थांबून बघावं तर रिमचा काठ एका जागी बाहेर वाकलेला असतो. त्यानंतर आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. कुणी घरी जाऊन पक्कड-हातोडा घेऊन लगेच तो पोचा सरळ करायला बसतं, तर कुणी चाकच गेलं असं समजून नव्या रिमची चौकशी सुरू करतं. दोन्हींत घाई आहे.

ॲल्युमिनियमच्या रिमवरचे बहुतेक पोचे चालवून घेता येतात, आणि त्यातले बरेचसे तर हातही न लावता. जे सुधारायचे ते एकदाच, थंड धातूवर, सावकाश सुधारायचे. रिम पुन्हा नव्यासारखी दिसावी हे उद्दिष्टच ठेवू नका. टायरची बीड, म्हणजे रिमच्या काठात अडकणारी टायरची कडक कडा, पक्की बसली, हवा टिकली आणि धातूला तडा नसला की काम झालं.

मार नेमका कुठे बसतो

टायर पूर्ण दबेपर्यंत आतली हवा दगडाचा धक्का झेलते. पूर्ण दबला, की दगड आणि रिमचा काठ यांच्यामध्ये फक्त रबराची जाडी उरते. सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट फुटतो तेव्हा त्याला धारदार कोपरे राहतात आणि पावसात माती वाहून गेली की तेच कोपरे वर येतात. त्यामुळे सगळा धक्का काठाच्या अगदी दोन-तीन सेंटीमीटरवर एकवटतो. ट्यूब असेल तर ती मध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये हा इशारा मिळत नाही. पंक्चर होत नाही म्हणून माणूस हवा आणखी कमी ठेवत जातो, आणि मग सगळा मार रिमच खाते. वजन मागच्या चाकावर जास्त असतं, म्हणून पोचेही बहुधा मागच्याच रिमला पडतात.

रिमचं नुकसान चार प्रकारचं असतं आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. फक्त काठ वाकला असेल तर तो पोचा. रिमचा तेवढा भाग हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दिशेने आत बसला असेल तर चाक फिरवल्यावर वरखाली उडतं. त्याला आपण चपटा भाग म्हणू. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो आउट, जो गल्लीतला कुठलाही सायकलवाला काढून देतो. चौथा प्रकार तडा. त्यावर इलाज नाही. एका मोठ्या धक्क्यात चारही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, म्हणून आधी नीट बघणं महत्त्वाचं.

हत्यार उचलण्याआधीची तपासणी

टायर पूर्ण उतरवा. ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवणारा आतला द्रव, पुसून काढा आणि पोचा पडलेल्या जागेवरची, तारांची भोकं झाकणारी टेपही सोलून काढा, कारण तडा बहुतेक वेळा टेपखाली लपलेला असतो. डिस्क ब्रेक असेल तर रोटर, म्हणजे ब्रेकची गोल चकती, तीही काढून ठेवा. पुढे आपण रॉकेल किंवा पातळ तेल वापरणार आहोत. त्याचा थेंब रोटरवर उडाला तर ब्रेकचे पॅड वाया जातात. सहा बोल्टचा रोटर टी-25 च्या चावीने सुटतो.

आता साबणाच्या पाण्याने रिम स्वच्छ धुऊन, कोरडी करून उजेडात धरा. चार जागा बघायच्या: वाकलेल्या काठाचं मूळ, म्हणजे काठ जिथे रिमच्या तळाला मिळतो ती रेघ, पोच्याच्या दोन्ही टोकांची वळणं, त्या भागातल्या तारांची भोकं, आणि पोचा जवळ असेल तर रिमचा जोड. हा जोड बहुतेक रिमवर व्हॉल्वच्या भोकाच्या बरोबर समोर असतो. काही रिमवर तिथे केसाएवढी सरळ रेघ मुळातच दिसते. तो तडा नव्हे. तडा वेडावाकडा जातो आणि त्याला टोक असतं.

डोळ्यांनी खात्री होत नसेल तर यंत्रशाळांमध्ये पूर्वीपासून वापरली जाणारी एक साधी चाचणी घरी करता येते. संशयाच्या जागेवर रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल फडक्याने चोळा आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग कोरड्या फडक्याने पूर्णपणे पुसून घ्या. त्यावर शाळेतल्या पांढऱ्या खडूची बारीक पूड बोटाने हलकी फासा आणि वाट बघा. तडा असेल तर त्यात मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर एक ओलसर, गडद रेघ उमटते. काठाच्या मुळाशी अशी रेघ दिसली, तर तिथेच थांबा. ती रिम वाकवायचीही नाही आणि चालवायचीही नाही.

रिम कार्बनची असेल तर हा लेख इथेच संपतो असं समजा. कार्बन वाकवून सरळ होत नाही. आपटलेल्या जागेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू तुटले असतील तर कापूस अडकतो. नाण्याने हलकं टकटक करत जा. एका जागी आवाज बद्द आला तर आतले थर सुटल्याची शक्यता धरा. दोन्हींपैकी एकही खूण दिसली तर चाक बाजूला ठेवा आणि कंपनीची वॉरंटी बघा. आपटून फुटलेली रिम सवलतीत बदलून देणाऱ्या कंपन्या आहेत.

सुधारायचं की तसंच ठेवायचं

तडा नाही हे नक्की झालं की व्हर्नियर घ्या, नसेल तर स्टीलची पट्टी. दोन काठांमधलं आतलं अंतर चांगल्या भागात मोजा आणि मग पोच्यावर मोजा. चांगल्या भागात 30 मिलिमीटर आणि पोच्यावर 31 किंवा 32 येत असेल, टायर आधी हवा धरत असेल, आणि सायकलला डिस्क ब्रेक असतील, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: हात लावू नका. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की त्या जागी कडक आणि ठिसूळ होतं. त्याला परत वाकवणं म्हणजे दुसरा मार देणं. तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसंच रिमच्या काठाचं होतं. फक्त रिमला ते दोन-तीन वाकवण्यांतच होऊ शकतं. म्हणून दिसायला वाईट एवढ्याच कारणासाठी कधीच वाकवू नये.

वाकवायचं कधी? बीड त्या जागी बसत नसेल, हवा तिथूनच गळत असेल, काठाची धार टायर कापत असेल, किंवा काठ इतका आत झुकला असेल की टायर चढवताना अडतो, तेव्हा. व्ही-ब्रेक असलेल्या सायकलीवर, आणि आपल्याकडे 26 इंची चाकांच्या अशा सायकली अजून खूप आहेत, निकष जास्त कडक ठेवावा लागतो. तिथे रिमची बाजू म्हणजेच ब्रेकची पट्टी. दर फेऱ्याला ब्रेक त्या पोच्यावर झटका देतो आणि उतारावर चाक अचानक अडकू शकतं. तिथे लहान पोचासुद्धा सरळ करावा लागतो. होत नसेल तर रिम बदलावी.

पोचा व्हॉल्वच्या भोकाजवळ किंवा जोडावर असेल तर मी तो वाकवायचा सल्ला देणार नाही. त्या जागा मुळातच कमकुवत असतात.

वाटेतच झालं तर

रानात रिम सरळ करत बसायचं नसतं, घरी पोहोचायचं असतं. ट्यूबलेस टायर हवा धरत नसेल तर ट्यूब टाका. मात्र त्याआधी टायरच्या आतून हाताने पूर्ण चाचपून घ्या. आपल्या भागात सीलंट असलेल्या टायरमध्ये बाभळीचे काटे टोचून तसेच राहिलेले असतात, सीलंटमुळे कळतही नाही. ट्यूब टाकल्यावर त्यातला पहिलाच काटा ती फोडतो. ट्यूब टाकायला ट्यूबलेस व्हॉल्व काढावा लागतो. त्याची चकती पक्कडीशिवाय सुटली नाही तर वाटेत हाल होतात, म्हणून घरीच ती फक्त बोटांनी आवळून ठेवायची सवय लावा. ट्यूबमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त भरा, 35 पीएसआयच्या आसपास, आणि सावकाश परता.

संपूर्ण चाकच वेडंवाकडं होऊन फ्रेमला घासत असेल तर ते काढून आडवं ठेवा. जिथे खाली दबलंय तिथे दोन्हीकडे दगडांचा आधार द्या आणि जिथे वर आलंय तिथे दोन्ही तळव्यांनी दाबा. उड्या मारू नका. फ्रेममधून फिरण्याइतकं सरळ झालं तरी पुरे. असं चाक घरी आल्यावर बहुतेक वेळा निकालात निघतं, हे मनात धरूनच चाला.

घरी पोचा काढण्याची पद्धत

साहित्य फार लागत नाही: 10 किंवा 12 इंची ॲडजस्टेबल पाना, ज्याचे जबडे सैल डुलत नाहीत असा; कडक लाकडाचे दोन-तीन ठोकळे, सागाचे किंवा बाभळीचे; एक सी-क्लॅम्प; जुन्या ट्यूबचे तुकडे; बारीक कानस; 400 नंबरचा पॉलिश पेपर; व्हर्नियर; आणि जाड पुठ्ठा. खास रिमचा काठ वाकवायचं हत्यारही बाजारात मिळतं, पण वर्षातून एखाद्या वेळेसाठी चांगला पाना पुरतो.

पहिलं काम पुठ्ठ्याचं. रिमच्या निर्दोष भागावर पुठ्ठा आडवा धरून काठाचा आतला-बाहेरचा आकार पेन्सिलीने उतरवा आणि कात्रीने कापा. हा तुमचा साचा. नुसत्या डोळ्यांवर विसंबलात तर पोचा सरळ होता होता पलीकडे कधी गेला ते कळत नाही. साचा दर वेळी लावून बघितला की फट दिसते.

चाक सायकलमधून काढून मांडीवर किंवा टेबलावर ठेवा, खाली जुनी सतरंजी असू द्या. हब बाहेर येतो म्हणून दोन ठोकळ्यांवर रिम टेकवली की चाक हलत नाही.

आता पान्याचे जबडे काठाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त उघडा. काठाची जाडी साधारण दीड-दोन मिलिमीटर असते. जबड्यांवर जुन्या ट्यूबची पट्टी ठेवा, नाहीतर पान्याच्या जबड्यांच्या कडा ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडतात आणि पुढचा तडा त्याच ओरखड्यातून सुरू होतो. पाना काठावर सरळ वरून घाला, फक्त वाकलेल्या उंचीपर्यंत. अगदी तळापर्यंत घुसवलात तर वाकण्याचा जोर काठाच्या मुळावर येतो आणि तिथलाच धातू सर्वांत जास्त ताणलेला असतो.

सुरुवात पोच्याच्या मधून करू नका. हाच मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. मधला भाग सगळ्यात जास्त वाकलेला दिसतो म्हणून हात तिथेच जातो, पण त्याला दोन्ही टोकांच्या वळणांनी धरून ठेवलेलं असतं. आधी डावं टोक, मग उजवं, मग पुन्हा डावं, असं करत मध्याकडे सरका. प्रत्येक ठिकाणी पान्याचा दांडा थोडासाच ओढा, म्हणजे काठ एखाद्या मिलिमीटरने सरकेल. सोडल्यावर धातू थोडा परत येतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच झालं नाही असं वाटतं. ओढ किंचित वाढवा. काठ एका क्षणी हलका सैल पडल्यासारखा वाटतो, तेव्हा तो खरा वाकतोय. तिथेच थांबा, साचा लावा, व्हर्नियरने मोजा, मग पुढचा घास घ्या.

मध्येच "टिक्" असा बारीक आवाज आला तर पाना काढून पुन्हा खडू आणि तेलाची चाचणी करा. हा आवाज कधी पाना घसरल्याचा असतो, कधी धातू फाटल्याचा. अंदाजाने पुढे जायचं नाही.

पोचा रुंद असेल, म्हणजे पाच-सहा सेंटीमीटरचा, तर पान्यापेक्षा क्लॅम्प बरा. बाहेर वाकलेल्या काठावर लहान ठोकळा ठेवा आणि समोरच्या चांगल्या काठावर लांब, जाड ठोकळा, म्हणजे तिकडचा जोर पसरेल आणि चांगला काठ वाकणार नाही. मग क्लॅम्पचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळा. मला हातोड्यापेक्षा क्लॅम्प केव्हाही पसंत आहे, कारण त्यात कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहतं. काठ आत झुकलेला असेल तर उलट करायचं: आतून लाकडी पाचर घालून, तिच्यावर रबरी हातोड्याने हलके टोले द्यायचे. लोखंडी हातोडा थेट काठावर कधीच नाही.

काठ बाजूला न वाकता खाली हबच्या दिशेने चेपला गेला असेल, म्हणजे त्याची उंचीच कमी झाली असेल, तर तो वर खेचण्याच्या मागे लागू नका. तो घरच्या साधनांनी नीट येत नाही. कड गुळगुळीत करा आणि टायर हवा धरतो का ते बघा. एखादा मिलिमीटर उंची कमी झालेला काठ बहुतेक वेळा काम देतो.

दोन काठांमधलं आतलं अंतर आणि चांगल्या भागातलं माप यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक उरला की थांबा. शेवटचा थोडा फुगवटा राहिलाच तर राहू द्या. तो काढण्याच्या हौसेत मी चांगल्या रिमचे काठ तुटलेले पाहिले आहेत.

शेवटी काठावरून बोटाचं टोक फिरवा. जिथे टोचतं तिथे कानशीचे दोन-चार हलके हात आणि वरून पॉलिश पेपर. धार काढायची आहे, जाडी कमी करायची नाही. काठाच्या आतल्या बाजूला बीड अडकवणारा बारीक हुक असेल तर तो पोच्याच्या जागीही जाणवतो का ते बोटाने तपासा. हल्लीच्या बऱ्याच रिमवर असा हुक मुळातच नसतो. मग खडू आणि तेलाची चाचणी पुन्हा एकदा. वाकवण्याआधी नसलेला तडा वाकवल्यानंतर असू शकतो.

गरम करू नका

कारच्या अलॉय व्हीलची दुरुस्ती करणारी दुकानं आता जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत. तिथे रिम तापवून सरळ करतात, तडा आर्गॉन वेल्डिंगने भरतात. सायकलची रिमही तिथे नेऊन द्यावी असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. सायकलच्या बऱ्याच रिम 6061 सारख्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. तापमान 200 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ती ताकद उतरायला लागते. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे ज्योतीखाली ते किती तापलंय हे डोळ्यांना कळत नाही. सरळ होतं, छान दिसतं, आणि पुढच्या दगडावर मऊ काठ आणखी सहज वाकतो. वेल्ड केलेली सायकलची रिम तर कुणालाच चालवू देऊ नये.

चपटा भाग आणि आउट

काठ जमला की चाक सायकलमध्ये लावून, टायर न चढवता फिरवा. फ्रेमला दोन झिप टाय बांधून त्यांची टोकं रिमजवळ आणा: एक बाजूने, एक वरून. चाक डुलतं की उडतं ते लगेच दिसतं. डिस्क ब्रेक असेल तर दोन्हीकडे एखादा मिलिमीटरचा फरक अजिबात जाणवत नाही.

चपट्या भागात एक गोष्ट उलटी असते. रिम तिथे हबकडे सरकलेली असते, म्हणून त्या भागातल्या तारा सैल लागतात. सैल दिसल्या म्हणून आवळल्या, तर रिम आणखी आत खेचली जाते. आधी त्या भागातल्या चार ते सहा तारांची निपलं, म्हणजे तारा रिमला आवळणारे छोटे नट, एक-दोन फेरे आणखी सैल करा. मग चाक उभं धरून, आतून लाकडी ठोकळा रिमला लावून बाहेरच्या दिशेने रबरी हातोड्याने ठोका. ठोकळा तारांच्या भोकांच्या मध्ये टेकवा, निपलांवर नाही. थोडं ठोका, फिरवून बघा, पुन्हा ठोका. पूर्ण गोल होणार नाही. दोन मिलिमीटरच्या आत आलं तर समाधान माना आणि तारा परत आवळा.

निपल फिरवताना गोंधळ होतो तो दिशेचा. टायरच्या बाजूने, बाहेरून रिमकडे बघितलं तर घड्याळाच्या दिशेने निपल आवळतं. स्पोक-की नेमक्या मापाचीच घ्या; 3.23 आणि 3.45 मिलिमीटर ही सर्रास लागणारी मापं आहेत. थोडी मोठी की वापरलीत तर निपलचे कोपरे झिजतात. रिम उजवीकडे डुलत असेल तर त्या जागी डाव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा आणि उजव्या तेवढ्याच सैल करा. एका वेळी पाव फेरा, यापेक्षा जास्त नाही. अडकलेल्या निपलला तेलाचा एक थेंब द्या आणि थोडं थांबा.

तारांचा ताण मोजायचं मीटर असेल तर एका बाजूच्या तारा एकमेकींच्या 20 टक्क्यांच्या आत असाव्यात आणि कुठलीही तार रिमच्या मर्यादेच्या वर जाऊ नये. ही मर्यादा साधारण 100 ते 120 किलो इतकी असते. मीटर नसेल तर तारा छेडून ऐका. एकाच बाजूच्या तारांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात चेनकडच्या तारा मुळातच जास्त ताणलेल्या असतात, म्हणून डाव्या-उजव्या सुरांची तुलना करू नका. रिम सरळ करण्यासाठी काही तारा पार सैल आणि शेजारच्या तारा दगडासारख्या घट्ट ठेवाव्या लागत असतील, तर रिम कायमची वाकली आहे. ताण सारखा ठेवा आणि थोडा आउट राहू द्या. असा आउट राहिलेलं चाक बराच काळ चालतं. उलट विषम ताणाचं चाक काही दिवस सरळ फिरतं आणि मग एकामागून एक तारा तोडतं.

हे काम हाताला बसायला वेळ लागतो. जवळच्या सायकलवाल्याकडे आउट काढायला चाक दिलंत तर त्यात काहीच कमी नाही; वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या बोटांना ताण बरोबर कळतो. फक्त काठाचं काम आधीच झालंय, त्यावर हातोडा मारू नका, एवढं त्याला आवर्जून सांगा.

टेप, टायर आणि हवा

ट्यूबलेस चाकाला नवीनच टेप लावा. जुन्यावर तुकडा जोडून भागत नाही. रिमचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा अंश राहिला तर टेप पकडत नाही. आतल्या रुंदीपेक्षा 2-3 मिलिमीटर जास्त रुंदीची टेप घ्या, ताणून ओढत लावा आणि व्हॉल्वच्या पुढे दहा सेंटीमीटर पहिल्या थरावर चढवून संपवा. पोच्याच्या जागी अंगठ्याने दाबून टेप कोपऱ्यात बसवा. शक्य असेल तर एक रात्र ट्यूब टाकून, हवा भरून ठेवा म्हणजे टेप सगळीकडून दाबली जाते.

मग टायर चढवून हवा भरा. बीड टकटक आवाज करत जागेवर बसते. रिम आणि टायर या दोन्हींवर जो कमाल दाब छापलेला असतो त्यातला कमी असेल तोच खरा. बीड बसत नाही म्हणून तो ओलांडायचा नाही. सुधारलेल्या काठावर तर नाहीच. हवा भरताना चेहरा चाकाच्या वर आणू नका. टायरच्या बाजूवर बीडजवळ एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. पोच्यापाशी रेघ आत गेलेली दिसली तर बीड नीट बसलेली नाही. हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा.

29 इंची टायरला 100 मिलिलिटरच्या आसपास सीलंट पुरतं. ते घातल्यावर पोच्याची जागा खाली येईल असं चाक काही वेळ आडवं-उभं करत ठेवा. फेस येत असेल तर तो थांबेपर्यंत फिरवत राहा. रात्रभरात दोन-तीन पीएसआय गेलं तर चिंता नाही. टायर मऊ पडला तर बीड त्या जागी धरत नाही, आणि त्या रिमवर ट्यूबच टाकावी. पहिली फेरी घराजवळच्या सोप्या वाटेवर मारा आणि अर्ध्या तासाने उतरून ती जागा बघा.

रिम बदलायची वेळ आली तर

तडा, काठ तुटणं, पुन्हा त्याच जागी पडलेला मोठा पोचा, किंवा बीड वारंवार सुटणं, यापैकी काहीही असेल तर रिम बदला. हब आणि तारा चांगल्या असतील तर पूर्ण चाक घ्यायची गरज नाही. नवी रिम तितक्याच भोकांची, त्याच आकाराची आणि त्याच ईआरडीची असायला हवी. ईआरडी म्हणजे तारांची लांबी ज्यावर ठरते तो रिमचा आतला व्यास. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर तारा नव्या लागतात. त्याच मॉडेलची रिम मिळाली तर सगळ्यात सोपं. सगळ्या तारा थोड्या सैल करा, नवी रिम जुनीच्या शेजारी व्हॉल्वची भोकं जुळवून चिकटपट्टीने बांधा आणि एकेक तार जुन्या रिममधून सोडवून नव्यात लावत जा. निपलं मात्र नवीन पितळेची घ्या. शेवटचा ताण अनुभवी माणसाकडून लावून घेतलात तर बरं.

पुढचा पोचा टाळायचा असेल तर

बहुतेक पोचे हवेच्या दाबाच्या अंदाजावर पडतात. अंगठ्याने टायर दाबून बघणं पुरत नाही, आणि मोठ्या पंपावरचा काटा 20-30 पीएसआयच्या पट्ट्यात फारसा विश्वासाचा नसतो. एक छोटा डिजिटल गेज घ्या आणि नेहमी त्यावरच मोजा. 70 किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला 29 गुणिले 2.3 च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 22 ते 24 आणि मागे 25 ते 27 पीएसआय ही आपल्या दगडांसाठी सुरुवात करायला योग्य जागा आहे. रिमवर दगड वाजला की मागे दोन पीएसआय वाढवा. तापमानाचाही हिशोब ठेवा. डिसेंबरातल्या पहाटे 15 अंशांना 25 पीएसआय भरलेला टायर दुपारी 35 अंशांना पावणेतीन पीएसआयने वर जातो. दुपारी गरम टायरमध्ये नेमकी हवा भरून ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती तेवढीच कमी असते, आणि आपण निघतो नेमके पहाटे.

टायरची बाजू जाड असलेला मागचा टायर वजनाने थोडा जास्त पडतो, तरी तो घ्या. ज्यांना दगडी उतारच आवडतात त्यांनी मागच्या चाकात फोमचं इन्सर्ट टाकावं. ते काठ आणि दगड यांच्या मध्ये राहतं आणि दाब थोडा कमी ठेवता येतो. टायर बदलताना मात्र त्याच्याशी झगडावं लागतं, म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्याआधी घरी एकदा ते काढून-घालून बघा आणि तोच टायर लीव्हर पिशवीत ठेवा ज्याने ते जमलं.